मुहूर्तांवर चालणारी रोजी : जबलपूरचे बँडवादक

संगीतावर उपजीविका करणाऱ्या भारतीयांत मैफली गाजवणारे गायक-वादक आणि चित्रपटसंगीतात नाव कमावलेले कलावंत संख्येने अगदी थोडे आहेत; मोठा वर्ग आहे तो एकेका कार्यक्रमाची सुपारी घेऊन वाजवणाऱ्यांचा, ज्यांना ना मासिक पगार असतो ना कायमचा एकच मालक. अशा वादकाला कोणी बांधून ठेवलेले नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या कामाचे दिवस पंचांग ठरवते, त्याच्या मिळकतीतला काही भाग आगाऊ उचललेल्या रकमेपोटी आधीच वळता झालेला असतो, आणि त्याने काय वाजवावे हे वरातीत पुढे नाचणारी मंडळी ठरवतात. शिवाय त्याच्या व्यवसायात पैसा मोजला जातो तो दिसणाऱ्या गोष्टींचा, ऐकू येणाऱ्या गोष्टींचा फारच थोडा. ही घडण तपासून पाहण्यासाठी जबलपूर हे शहर सोयीचे आहे, कारण पितळी वाद्यांच्या बँडची परंपरा तेथे जुनी आहे, लग्नसराई जोरात असते आणि लग्नाबाहेरही वादकाला काम देणारे उत्सव तेथे वर्षभर विखुरलेले आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आलेले जबलपूर १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि तेथे छावणी वसली. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आल्यावर नागपूर ही राजधानी आणि जबलपूर हे उत्तरेकडील महत्त्वाचे ठाणे असे नाते जुळले, जे १९५६ पर्यंत टिकले. गोलबाजारातील दत्त मंदिराभोवती आजही दिसणारे मराठी कुटुंबांचे जग या काळाचेच देणे आहे. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, पुढे आणखी आयुधनिर्माणी आल्या, आणि ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स या पलटणींची प्रशिक्षण केंद्रेही याच शहरात आहेत. छावणी म्हटली की पलटणीचा बँड आला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम (जाड, भरदार आवाजाचे, मांडीवर किंवा छातीशी धरायचे पितळी वाद्य), साइड ड्रम आणि बेस ड्रम ही वाद्ये देशभर अशाच छावण्यांच्या वाटेने बाजारपेठांत उतरली, आणि पलटणीतून निवृत्त झालेले वादक हे नागरी बँडचे पहिले शिक्षक ठरले. वाद्यांचा पुरवठाही उत्तरेतूनच होई व अजून होतो. मेरठच्या जली कोठी भागात १८८५ पासून चालत आलेल्या नादिर अली आणि कंपनीसारख्या कारखान्यांनी पितळी वाद्ये देशी बनावटीची, म्हणून स्वस्त केली.

परंतु वाद्ये लष्कराची असली तरी ती वाजवणारे हात बहुधा लष्करातून आलेले नव्हते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातींवरील ग्रंथात बसोर या समाजाची नोंद आहे. बांबूच्या टोपल्या-सुपे विणणे हा त्यांचा धंदा आणि लग्नकार्यात ढोल-वाजंत्री वाजवणे ही त्याला जोडलेली सेवा. महाराष्ट्रातील बुरुडांशी त्यांचे व्यवसायाचे नाते त्या ग्रंथातच सांगितलेले आहे. वाजवणे हे मंगल आणि वाजवणारा मात्र शिवू नये असा, हा विरोधाभास महाराष्ट्रात हलगी वाजवणाऱ्या मातंगांच्या वाट्याला जसा आला तसाच तो येथेही होता. पितळी वाद्य हाती आले तेव्हा ढोलाच्या जागी बेस ड्रम आला, अंगावर गणवेश चढला, पण वरातीतली जागा पूर्वीचीच राहिली. मुसलमान वादकांचा भरणाही उत्तर भारतातील बँडमध्ये मोठा आहे. न्यूझीलंडमधील संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतभरच्या लग्नाच्या बँडवर लिहिलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ब्रास बाजा' हा ग्रंथ या माणसांना संगीताच्या इतिहासात स्थान देणारा महत्त्वाचा प्रयत्न होय; आपल्याकडच्या संगीतविषयक लेखनाने घराण्यांवर कपाटे भरली आणि रोज शेजारून जाणाऱ्या बँडकडे ढुंकूनही पाहिले नाही, हे मान्य करणे भाग आहे.

बँड ही संस्था बाहेरून एक दिसली तरी आतून ती तीन थरांची असते. सर्वांत वर मालक. दुकान, नाव, वाद्यांचा काही साठा, गणवेश, दिव्यांची झुंबरे आणि ठेला (वरातीत चालणारी कर्ण्यांची गाडी) ही त्याची मालमत्ता. दुकान म्हणजे बाजारातली एक लहानशी खोली, जिच्या फलकावर बँडचे नाव आणि फोन क्रमांक ठळक रंगात असतो आणि जेथे लग्नघरची माणसे येऊन बोली करतात. त्याखाली मास्टर, म्हणजे बहुधा क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारा मुख्य वादक, जो चाल उचलतो, इतरांना शिकवतो आणि रस्त्यावर इशारे देतो. त्याखाली बाकीचे वादक; त्यांतले मोजके बारमाही त्याच बँडचे, बाकीचे हंगामापुरते किंवा एका रात्रीपुरते जमवलेले. मोठ्या मुहूर्ताला एकाच नावाचे चार-पाच ताफे एकाच वेळी शहरात वाजत असतात, आणि त्यांतले निम्मे वादक एरवी शेती, रंगकाम किंवा हमाली करणारे असतात हे नवऱ्या मुलाच्या घरच्यांना ठाऊक नसते.

हंगामापूर्वी वादकाला मालकाकडून आगाऊ रक्कम मिळते. हिंदी प्रदेशात वाजंत्री-नाचवाल्यांच्या कराराच्या कागदाला 'सट्टा' म्हणतात आणि आगाऊ रकमेला 'बयाना'. महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार ऊसतोड मजुरांच्या उचलीवरून चटकन समजेल: पावसाळ्यात घर चालवायला पैसे हवे असतात, ते मुकादम देतो आणि त्या बदल्यात हंगामभराचे अंगमेहनतीचे दिवस लिहून घेतो. बँडवादकाचेही तसेच घडते. आषाढ-श्रावणात मुलांच्या शाळेसाठी, घराच्या छपरासाठी उचललेली रक्कम कार्तिकापासून रोजच्या बिदागीतून वळती होत राहते, आणि दुसऱ्या बँडने जास्त दर देऊ केला तरी वादकाला हलता येत नाही. या व्यवस्थेला निव्वळ पिळवणूक म्हणणे सोपे असले तरी अपुरे ठरेल; ज्याला बँक कर्ज देत नाही त्याला ऐन रिकाम्या महिन्यात बिनतारण पैसा देणारा मालक हाच एक मिळतो. मात्र उत्तम वादकाचा भाव वाढू न देणारी बेडीही हीच आहे.

आता पंचांगाकडे वळावे लागते, कारण या धंद्याचे खरे वेळापत्रक तेथे छापलेले असते. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा चातुर्मास विवाहाला वर्ज्य. कार्तिकी एकादशीला, जिला जबलपुरात देवउठनी म्हणतात, देव उठले की मुहूर्त सुरू होतात, पण जेमतेम महिनाभरच. डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनु राशीत गेला की उत्तरेकडे 'खरमास' लागतो आणि मकरसंक्रांतीपर्यंत लग्ने थांबतात. संक्रांतीनंतर पुन्हा मुहूर्त, मार्चच्या मध्याला सूर्य मीनेत शिरला की पुन्हा महिन्याचा खरमास, मग एप्रिलच्या मध्यापासून आषाढी एकादशीपर्यंतचा सर्वांत मोठा पट्टा, ज्यात पंचांग न पाहता लग्न लावण्याजोगी अक्षय तृतीया येते. या चौकटीतही गुरू किंवा शुक्राचा अस्त असला, म्हणजे तो ग्रह सूर्याच्या इतका जवळ दिसू लागला की आकाशात लोपतो, तर ते दिवस गळतात. अधिक महिना आला तर तोही जातो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे वादकाच्या कमाईच्या सर्वांत भरघोस पट्ट्यातून पुरा महिना उडतो, आणि खगोलगणिताने साधारण पावणेतीन वर्षांनी घडणारी ही गोष्ट त्याच्या घरात वाणसामानाच्या यादीवर दिसते. उरलेल्या दिवसांत मुहूर्त दाटीने येतात. एका रात्री शहरात शेकडो लग्ने आणि पुढच्या चार रात्री एकही नाही, अशी ही विभागणी असल्यामुळे ज्या रात्री वादकाला सर्वाधिक मागणी असते त्या रात्री तो एकाच ठिकाणी असू शकतो, फार तर घाई करून दोन ठिकाणी. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तीही नेमकी मीनेच्या खरमासात. पुढचा एप्रिल-जूनचा पट्टा संपूर्ण बुडाला आणि त्यानंतर लगेच चातुर्मास सुरू झाला.

प्रत्यक्ष कामाची रात्र संध्याकाळी सुरू होते. उत्तरेकडील बारात ही महाराष्ट्रातील वरातीसारखी लग्नानंतर निघत नाही, ती वराकडून मांडवाकडे जाते, त्यामुळे बँडचे काम मुख्य विधीच्या आधी संपते. वादक वराच्या मुक्कामी जमतात, गणवेश चढवतात, माणसांच्या डोक्यावर किंवा हातगाड्यांवर दिव्यांचे खांब लागतात, मागे जनरेटर. मधोमध ठेला : लाकडी गाडीवर कर्णे, कीबोर्ड आणि गाणारा. पुढे मास्टर. अंतर किलोमीटरभराचेही नसते, पण दर पन्नास पावलांवर ताफा थांबतो, कारण नाचणाऱ्यांना पुढे सरकायचे नसते. चालण्यापेक्षा उभे राहून वाजवणेच अधिक, तेही तासन्‌तास. मास्टर वाद्य उंच करून किंवा बेस ड्रमवाल्याकडे मान वळवून चाल बदलतो, आणि वादकांना गाणे ओळखायला दोन मात्रांचा अवधी मिळतो. मांडवाच्या दारी द्वारचार, म्हणजे वराचे स्वागत, झाला की बँड सुटतो.

या कामातील खऱ्या अडचणी संगीताच्या आहेत, आणि त्या पाहुण्यांच्या लक्षातही येत नाहीत. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली उतरतो. फुंकून वाजवायच्या वाद्याचा स्वर त्याच्या नळीतील हवेच्या कंपनांवर ठरतो, आणि हवेचे तापमान एक अंशाने घटले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटून स्वर साधारण तीन सेंटने उतरतो. सेंट म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यामधील अंतराचा शंभरावा भाग. पंधरा अंशांच्या फरकाने स्वर अर्ध्या अर्धस्वराच्या जवळपास खाली सरकतो. वादकाचा उष्ण श्वास नळी गरम ठेवतो म्हणून प्रत्यक्ष घसरण थोडी कमी होते, परंतु नाचणाऱ्यांनी दोन मिनिटे उसंत दिली की वाद्य पुन्हा गारठते. पूर्वी सगळा ताफाच एकत्र उतरत असे, त्यामुळे बेसूरपणा जाणवत नसे. ठेल्यावर कीबोर्ड आल्यापासून मात्र एक वाद्य असे आहे जे थंडीला दाद देत नाही, आणि ट्रम्पेटवाल्याला नळीचा सरकता भाग आत ढकलून, ओठ आवळून त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. ओठ हेच त्याचे हत्यार. सलग तीन-चार रात्री वाजवल्यावर ते सुजतात, वरच्या सप्तकातले स्वर फुटू लागतात, आणि समजदार मास्टर अशा वेळी चाल खालच्या सप्तकात नेतो किंवा ती ठेल्यावरील गायकाच्या गळ्यात टाकतो. कानांचे नुकसान हळूहळू होते. कामगार-आरोग्याच्या प्रचलित मानकानुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास सुसह्य धरला जातो आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. ठेल्यावरील कर्ण्यांच्या पुढे चालणाऱ्या ड्रमवाल्याची मुदत वरात निघता निघताच संपलेली असते.

वादक चाली शिकतात त्या कानाने. नवे गाणे फोनवर लावून मास्टर दोन-तीनदा ऐकतो, क्लॅरिनेटवर बसवतो, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बाकीच्यांना सरगमच्या आधाराने तुकड्यातुकड्याने देतो; स्वरलिपी वाचणारा वादक भेटला तर तो बहुधा पलटणीत किंवा पोलीस बँडमध्ये राहून आलेला असतो. कानाने चाल उचलण्याच्या या कौशल्याला बाजारात किंमत नाही, ही गोष्ट अनाकलनीय वाटली तरी सार्वत्रिक आहे. चालींचा साठा मात्र आश्चर्य वाटावे इतका टिकाऊ असतो. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात पुंगीचा जो आवाज गाजला तो पुंगीचा नव्हताच. क्लेव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजी यांनी काढलेला होता. बँडच्या क्लॅरिनेटवाल्यांनी त्या नकलेची नक्कल केली, आणि सत्तर वर्षे लोटली तरी रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळणाऱ्या वऱ्हाड्याखेरीज उत्तरेतली वरात पुरी होत नाही. चित्रपटगीते वाजवण्यासाठी परवाना लागतो का, हा प्रश्न कॉपीराइट कायद्याने बँडच्या बाजूने सोडवला आहे : कलम ५२ मधील तरतुदीनुसार धार्मिक समारंभातील वादन हा हक्कभंग ठरत नाही, आणि विवाहाची मिरवणूक व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

दुकानात बोली होते तेव्हा ग्राहक विचारतो ते किती माणसे, कोणता गणवेश, दिवे किती, ठेला आहे की नाही, घोडा की बग्गी. क्लॅरिनेट कोण वाजवणार हे विचारणारा विरळा. त्यामुळे मालकाचा पैसा दिव्यांत आणि कपड्यांत जातो, आणि ताफ्याची संख्या भरण्यासाठी कधी कधी हातात वाद्य धरून नुसते चालणारा माणूसही रांगेत असतो. त्याला आणि खऱ्या वादकाला मिळणाऱ्या रकमेत फरक असतो, पण कौशल्यातील अंतराइतका नाही. वादकाच्या हाती रोख पडते ती न्योछावर : नाचणाऱ्याच्या किंवा वराच्या डोक्यावरून ओवाळून टाकलेल्या नोटा. त्या गोळा कोणी करायच्या आणि वाटणी कशी, याचे प्रत्येक बँडचे ठरलेले नियम असतात, आणि त्यावरून होणारी भांडणेही ठरलेली.

याच शहरातील श्याम ब्रास बँडच्या वादकांनी इंग्लंडमध्ये वाजवले आणि तेथील रस्त्यावर वाजवणाऱ्या वादकांशी त्यांची गाठ पडली, त्यातून १९९२ मध्ये लंडनचा 'बॉलिवूड ब्रास बँड' उभा राहिला, ही हकिकत या संदर्भात बोलकी आहे. तिकडे याच चाली रंगमंचावर, तिकीट लावून आणि वादकांची नावे छापून ऐकवल्या जातात. महाराष्ट्रात पुण्याच्या प्रभात किंवा दरबार बँडला गणेश विसर्जन मिरवणुकीत जो मान मिळतो तो याच्या सर्वांत जवळचा. तेथे लोक फुटपाथवर उभे राहून बँड ऐकतात. लग्नाच्या वरातीत बँड ऐकायला कोणी थांबत नाही.

गेल्या दोन दशकांत बँडपुढे डीजे आणि धुमाळ (गाडीवर कर्णे लावून वाजणारा ताफा) उभे राहिले. एक गाडी, चार माणसे आणि छातीत धडकणारा आवाज. ग्राहकाला ते स्वस्तही पडते. दुसरीकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर कर्णे बंद केले, २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्येही आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने कर्ण्यांच्या वापराबाबत नव्याने कडक आदेश काढले. वराती मुळात उशिरा निघतात, म्हणून दहाचा ठोका हा बँडच्या कामाच्या ऐन मध्यावर पडतो, आणि राहिलेल्या वेळेचे पैसे कापायचे की नाही यावर मालक व वरपक्ष यांची हुज्जत हा रात्रीचा नवा विधी झाला आहे. तरीही डीजेवरील बंधनांनी बँडचे थोडे भलेच झाले. कर्ण्याविना वाजू शकणारे पितळ ही त्याची जुनी ताकद पुन्हा उपयोगी पडू लागली.

चातुर्मासात लग्ने नसतात, पण उत्सव असतात, आणि सुज्ञ वादक वर्षाची जुळणी त्यांवर करतो. गणेशोत्सवात बँड लागतो. त्याहून अधिक नवरात्रात आणि दसऱ्याला, कारण जबलपूरचा दसरा हा दुर्गामूर्तींच्या मिरवणुकीचा, तेथील भाषेत 'चल समारोहा'चा दसरा आहे, आणि गढा भागाचा चल समारोह वेगळा निघतो. नवरात्रात देवीचे जस (स्तुतिगीते) गाणाऱ्या मंडळ्यांना ढोलकवाले लागतात, जागरणांना कीबोर्ड आणि पॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवणारे. अलीकडे सर्वांत भरवशाचे काम भागवत कथेचे. सात दिवस, रोजची ठरलेली बिदागी, राहणे-जेवणे आयोजकांचे, आणि रात्री वेळेवर झोप; कथावाचकासोबत फिरणारा तबला किंवा पॅडवादक बँडमधल्या सोबत्यापेक्षा कमी वाजवून अधिक नियमित कमावतो, असे दिसते. या वर्तुळात शिरायला तालाची जाण हवी आणि पितळी वाद्य नको, म्हणून ट्रम्पेटवाल्यांची मुले आज पॅड शिकतात. आकाशवाणी हा तिसरा मार्ग. तेथे ध्वनिचाचणी देऊन 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा श्रेणी मिळतात व कराराने कार्यक्रम होतात. कार्यक्रम वर्षातून मोजकेच, पण श्रेणीचे पत्र शिकवण्या मिळवून देते.

शासनाची या वर्गाकडे पाहण्याची दृष्टी एकसारखी नाही. २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील युवा स्वाभिमान योजनेत बँडवादनाचे प्रशिक्षण घातले गेले तेव्हा सुशिक्षित तरुणांना बँड वाजवायला लावता काय, अशी टीका झाली. नंतरच्या एका शासनाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस बँड उभारण्याचे ठरवले, तेव्हा तोच बँड शिस्तीचे भूषण ठरला. फरक वाद्यांत नव्हता, पगारात होता. वस्तू व सेवा कराच्या नियमांत लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताला दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. चित्रपटगीत वाजवणारा त्यात बसत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या उंबरठ्याखाली असल्याने त्याला या कराची झळ पोचत नाही इतकेच. वृद्धापकाळासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची साहाय्य योजना आहे : वय साठ, वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत, दरमहा जास्तीत जास्त ६,००० रुपये. वयाची आणि उत्पन्नाची अट बँडवादक सहज पुरी करतो. अडते ते कलेतील योगदान सिद्ध करण्यापाशी, कारण पत्रिकेवर छापले जाते ते बँडचे नाव, बोलीचा कागद असतो मालकाच्या नावे, आणि चाळीस वर्षे क्लॅरिनेट वाजवल्याचा लेखी पुरावा कुठल्याच लग्नघराने ठेवलेला नसतो. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत त्याला नाव घालता येते. तेथे तो कामगार म्हणून येतो, आणि त्यासाठी कलेचा कोणताही पुरावा लागत नाही.